सकाळचे चार आकडे

मोहने, ९ नोव्हेंबर २०२५

साईनाथ,

आज तुझे चार आकडे आले तेव्हा आठ वाजायचे होते. बरं झालं. काल उशीर झाला आणि सकाळच्या ऑर्डरी दुसऱ्यांकडे गेल्या. मी ‘कोड’ एवढा एक शब्द पाठवतो, तू चार आकडे पाठवतोस. तू घर सोडल्यापासून आपल्यात एवढंच बोलणं आहे, आणि तेही मी मागतो म्हणून.

तुझा होसूरचा पत्ता माझ्या जुन्या कामावरच्या रतनने मिळवून दिला. त्याचा पुतण्या तुमच्याच कारखान्यात आहे. शिफ्टमध्ये तुमचे फोन लॉकरमध्ये ठेवून घेतात, हेही त्याच्याकडूनच कळलं. एरवी तू फोन उचलत नाहीस. एकदा उचललास तेव्हा म्हणालास, “आबा, तुम्ही फोनवर पण भाषण करता.” म्हणून कागदावर लिहितो. कागद मधेच घडी करून ठेवता येतो, आणि ठेवलास तरी मला कळत नाही.

पहिल्यांदा कोड मागितला तेव्हा वाटलं होतं, कशाला हवा म्हणून तू विचारशील. विचारलं नाहीस. विचारलं नाहीस तरी सांगणं माझं काम आहे, कारण आयडी तुझ्या नावाची आहे.

डोंबिवलीच्या पॉइंटवर, तुम्ही डिलिव्हरीवाले ऑर्डरची वाट बघत थांबता तिथे, मी भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने तुझी आयडी बंद केली, तेवढं तुला माहीत आहे. “भाषण तुमचं, पोट माझं,” असं म्हणून तू गेलास. तू गेल्यावर थोड्या दिवसांनी ती आयडी आपोआप चालू झाली. का बंद केली ते कोणी सांगितलं नव्हतं, का चालू केली तेही नाही. आमच्या रेयॉन कारखान्याच्या गेटवर निदान नोटीस चिकटवायचे. तिच्याखाली साहेबाची सही असायची. ज्याला शिव्या द्यायच्या त्याचं नाव तरी माहीत असायचं. भाषण चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. हा विषय इथेच सोडतो.

तर ती आयडी आता धम्मपाल चालवतो. धम्मपाल कांबळे, दिव्याला राहतो. बॅगेला निळी दोरी बांधणारा, तू त्याला पाहिलं असशील. त्याची स्वतःची आयडी कायमची बंद झाली. ठाण्याच्या एका टॉवरमध्ये वॉचमनने त्याला लिफ्टमधून बाहेर काढलं. डिलिव्हरीवाल्यांनी सामानाची लिफ्ट वापरायची, आणि सामानाची लिफ्ट त्या दिवशी बंद. तो पाण्याचे कॅन घेऊन जिना चढला. वर पोचल्यावर बाईंनी उशीर का म्हणून विचारलं. तो म्हणाला, “बाई, तुमच्या लिफ्टला विचारा.” तेवढ्यावर तक्रार गेली. उलट बोलला म्हणून.

अॅप रोज सकाळी आयडीच्या नंबरवर कोड पाठवतं. नंबर तुझ्याकडे, म्हणून कोड तू देतोस. पैसे आपल्या जोडखात्यात येतात, ते मी जसेच्या तसे त्याला देतो. अडचण राहिली चेहऱ्याची. अॅप दिवसातून एक-दोनदा सेल्फी मागतं. आयडीवाला स्वतः गाडीवर आहे की नाही, हे त्याला बघायचं असतं. तो चेहरा मी देतो.

हसू नकोस. आपली हनुवटी एक, भुवया एक, हे तुझी आई म्हणायचीच. मिशी मात्र काढावी लागली. धम्मपालच्या बायकोने, दर्शनाने, केसांना कलप लावून दिला. आता मी रोज पॉइंटवर येऊन बसतो, स्टोअरच्या समोरच्या कट्ट्यावर. सेल्फीची वेळ झाली की पॉइंटवरचा गणू ओरडतो, “ए आबा, तोंड द्या!” आणि धम्मपाल गाडी वळवून येतो. पहिल्या दिवशी मशीन मला काही केल्या घेईना. गणू म्हणाला, “आबा, तुम्ही मोबाइलसमोर पण सभेला उभं राहिल्यासारखे उभे राहता. ओठ मिटा जरा. त्याला बोलणारा माणूस चालत नाही.”

ओठ मिटले. पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली अक्षरं उमटली: स्वागत आहे, साईनाथ.



उत्तम पाचारणे
(तुझ्या आयडीचा चेहरा)


मोहने, ३० नोव्हेंबर

साईनाथ,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, आकडे मात्र रोज येतात. पत्र मिळालं, एवढं मी त्यावरून धरून चालतो.

इथे फार काही नवं नाही. कॉलनीतल्या आणखी दोन चाळी रिकाम्या झाल्या. आपल्या ओळीत आता मी आणि कोपऱ्यावरचे ते कधी न बोलणारे बिहारी मास्तर. सकाळी स्टोव्ह पेटवताना मोठ्याने बोलायची सवय लागली आहे. काल स्वयंपाकघरात चांगली तासभर सभा झाली. पुढे भांडी होती, पण भांड्यांनी टाळ्या दिल्या नाहीत.

पॉइंटवर मात्र माणसांत असतो. मुलं मला कायद्याचं विचारतात, मी सांगतो. कंपनी ह्यांना पार्टनर म्हणते. पार्टनर म्हणजे भागीदार, आणि भागीदाराला नफ्यात वाटा असतो, तोट्यात वाटा असतो. ह्यांच्या वाट्याला तोटा तेवढा येतो. पेट्रोल यांचं, टायर यांचा, पावसात मोबाइल भिजला तर तोही यांचा. गाडी घसरली तर हाडही यांचंच. कंपनीच्या मालकीची एकच वस्तू यांच्याकडे असते, पाठीवरची ती बॅग. आणि तीही अनामत भरून घेतलेली.

धम्मपाल म्हणाला, “आबा, आपल्याला मालकच दिसत नाही, मग मागायचं कुणाकडे?”

मी म्हणालो, “माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. आज या गोदामात, उद्या त्या बाजारात. पाठीवर पोतं आणि वर कुणाचंच नाव नाही. तरी त्यांनी लढून कायदा मिळवला, बोर्ड मिळवलं. ओझं उचलणाऱ्याची नोंद झाली, ओझं कुणाचं आहे ते नंतर पाहिलं.”

“म्हणजे आपली पण नोंद होईल?”

“झाली पाहिजे.”

“माझी कशी होणार?” तो हसला. “मी तर साईनाथ आहे.”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना रिक्षात ते वाक्य डोक्यातून जाईना.

एक गोष्ट सांगून टाकतो. सोमवारी धम्मपाल सुट्टी घेतो. सोमवारी कोडची गरज नसते. तरी मी मागतो. मी माझ्या फोनवरही ते अॅप घेऊन ठेवलं आहे. तुझे आकडे येतात, मी ते टाकतो, साईनाथचं स्वागत होतं, आणि मी बंद करतो. तुला हे लबाडीचं वाटलं तर वाटू दे. मला सोमवार फार मोठा जातो.

आबा


कळवा, १४ डिसेंबर

साईनाथ,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं येईल.

धम्मपालला अपघात झाला. काटई नाक्याच्या अलीकडे, भर दुपारी. खड्डा चुकवायला गेला आणि मागून टेम्पो आला. टेम्पो थांबला नाही. उजवा पाय मांडीपासून मोडला आहे. खुब्याला मार आहे. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणतात. बॅगेतली ऑर्डर शाबूत होती. गणू सांगत होता, कंपनीचा पहिला फोन आला तो ऑर्डर कुठे आहे हे विचारायला.

आता जे झालं ते नीट वाच.

पोरं त्याला उचलून इथे घेऊन आली. केसपेपर काढताना नाव विचारलं, तेव्हा गणूने सांगितलं, साईनाथ उत्तम पाचारणे. त्याने मुद्दाम सांगितलं. कंपनीचा अपघात विमा आयडीवाल्याला मिळतो. आयडी साईनाथची, म्हणून जखमी साईनाथ. त्या घाईत त्याला दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नसतं. रायडर लोकांना एकमेकांची खरी नावं शेवटी सुचतात. ते एकमेकांना आयडीच्या नावानेच ओळखतात.

मी पोचलो तेव्हा त्याला आत घेत होते. नर्स म्हणाली, “नातेवाईक कोण?” गणूने मला पुढे ढकललं. “हे वडील.”

मी सही केली. ऑपरेशनच्या संमतीवर वडील म्हणून सही केली. रुग्णाचं नाव साईनाथ, वडिलांचं नाव उत्तम. त्या कागदावर खोटं काहीच नव्हतं, फक्त आत पडलेला माणूस दुसरा होता.

दर्शना दिव्याहून आली. तिला बाहेरच सगळं समजावून सांगितलं. आत गेली आणि पलंगाच्या पायाशी टांगलेली पाटी वाचून तिथेच उभी राहिली.

आज तिसरा दिवस. तो शुद्धीवर आहे, पण गुंगीत. नर्स “साईनाथ, साईनाथ” अशी हाक मारते आणि तो ओ देत नाही. डोळे उघडे, बघतो, पण ओ नाही. डॉक्टरांना काळजी वाटली. डोक्यालाही मार असेल म्हणून त्यांनी मेंदूची तपासणी लिहून दिली. माझ्या शेजारी गणू बसला होता. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “आबा, त्याला सांगा ना कोणीतरी, तो कोण आहे ते.”

आज सकाळीही मी तुझ्याकडे कोड मागितला. का मागितला, विचारू नकोस. तू दिलास.

आबा


मोहने, १६ डिसेंबर

साईनाथ,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

कंपनीचा विम्याचा माणूस पुढच्या आठवड्यात पाहणीला येणार आहे. आयडीवरचा फोटो आणि जखमीचा चेहरा जुळवून बघणार. गणूने तोड काढली आहे. तो म्हणतो, “साईनाथला दोन दिवस बोलावून घ्या आबा. प्लास्टर आपण घालू, पायाला पण आणि हाताला पण. पलंगावर झोपवू. फोटो काढून माणूस गेला की तो त्याच्या गावाला मोकळा.”

मी त्याला झापलं नाही. माझ्यासारख्या माणसाने झापायला हवं होतं.

खरं लिहितो. ऐकल्या ऐकल्या माझ्या मनात आलं, म्हणजे तू येशील. मोहन्याच्या घरी दोन दिवस राहशील. मी कल्याणला स्टेशनवर उभा राहीन. धम्मपालच्या पायाचा विचार मनात नंतर आला. क्रम असा होता, तो मी लपवत नाही.

तेव्हा ये. सुट्टी मिळत असेल तर ये. भाषण करणार नाही. अंथरूण उन्हात टाकलं आहे.

आबा


मोहने, २१ डिसेंबर

साईनाथ,

येऊ नकोस.

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. तिकीट काढलं असशील तर रद्द कर. काढलं असशील असं नाही, पण लिहून ठेवतो.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दर्शना हॉस्पिटलच्या नळावर बाटल्या भरत होती. दिव्याला चार दिवस पाणी नाही, म्हणून ती रोज जाताना तिथून दोन पिशव्या भरून नेते. मी एक पिशवी उचलायला गेलो. तिने हातातून काढून घेतली.

“आबा, एक विचारू?”

“विचार ना.”

“काल नवीन नर्स आली. मला म्हणाली, तुम्ही साईनाथच्या कोण? आता मी काय सांगायचं? बायको म्हटलं तर मी तुमच्या मुलाची बायको होते. बहीण म्हटलं तर नवऱ्याची बहीण. मी म्हटलं, शेजारीण. पाच दिवस मी माझ्या नवऱ्याची शेजारीण म्हणून बसलेय.”

माझ्या मिशीच्या जागेवर मी हात फिरवत राहिलो.

ती म्हणाली, “तुम्ही लोक विम्याचं बोलताय. मिळेल पण. साईनाथच्या नावाने मिळेल. पण उद्या हा लंगडत रस्त्याने जाईल, तेव्हा याला कोणी विचारलं की पाय कशाने गेला, तर हा काय सांगणार? काम करताना गेला, असं म्हणता येणार नाही ना याला. कारण हा कामावर नव्हताच. तुमचा मुलगा होता.”

“दर्शना, खरं सांगितलं तर काहीच हातात येणार नाही कदाचित.”

“नको येऊ दे. लंगडायचंच असेल तर स्वतःच्या नावाने लंगडू दे.”

साईनाथ, मी आयुष्यभर माणसांपुढे बोललो. हजारभर माणसं गेटवर उन्हात उभी असायची आणि मी बोलायचो. ह्या बाईने नळ चालू असताना जे सांगितलं, ते मला एकाही सभेत सांगता आलं नव्हतं.

आम्ही दोघे जाऊन नाव दुरुस्त करून आलो. जे घडलं ते लिहून दिलं, माझ्या सहीने. मी वडील नाही, हेही लिहिलं. डॉक्टर आधी चिडले, मग कपाळाला हात लावून म्हणाले, “म्हणजे त्याचा मेंदू पहिल्यापासून ठीक होता.” संध्याकाळी नर्स औषध घेऊन आली आणि तिने हाक मारली, “धम्मपाल.” त्याने ओ दिली. इतक्या मोठ्याने दिली की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

आता पुढचं ऐक. इथे तुझी परवानगी लागणार आहे.

कंपनीने लेखी कळवलं आहे की धम्मपाल कांबळे नावाची व्यक्ती त्यांच्या नोंदीत नाही, सबब त्यांचा काही संबंध नाही. आम्ही कामगार कार्यालयात तक्रार दिली. ८ जानेवारीला ठाण्याला सुनावणी आहे, दुपारी बारा वाजता. कायद्याच्या पुस्तकात आता ह्या लोकांची व्याख्या आली आहे. पण व्याख्येचा पाय मोडत नाही, माणसाचा मोडतो, आणि व्याख्येत कोण बसतो हे तिथे भांडून ठरवावं लागणार.

तिथे मला एक गोष्ट करून दाखवायची आहे. सर्वांसमोर तुझी आयडी उघडायची, माझा चेहरा द्यायचा, आणि मशीन मला साईनाथ म्हणतं हे दाखवायचं. त्यासाठी त्या वेळी कोड लागेल. नेहमी आठ वाजता मागतो. त्या दिवशी बारानंतर मागीन.

परिणाम तुला कळले पाहिजेत. आयडी कायमची जाईल. तू कधी परत येऊन गाडी चालवायची म्हटलंस तर तुझ्या नावाने ती कंपनी पुन्हा दार उघडणार नाही. फसवणूक म्हणून तक्रारही होऊ शकते. मी लिहून देणार आहे की चेहरा माझा होता आणि आयडी कशासाठी वापरली जाते हे तुला नोव्हेंबरपर्यंत ठाऊक नव्हतं. ते खरंच आहे. पण नाव तुझं आहे. तेव्हा शब्द तुझा. कोड दिला नाहीस तर मी तुला दोष देणार नाही. मागे एकदा माझ्या बोलण्याची किंमत तू भरलीस. या वेळी आधी विचारतो आहे.

आणखी एक परिणाम आहे. आयडी गेली की सकाळी तुझ्याकडे मागायला माझ्याजवळ काही राहणार नाही. त्याचा तू विचार करायचा नाही. तो माझा प्रश्न आहे.

आबा


ठाणे, ८ जानेवारी २०२६

साईनाथ,

स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा समोर ठेवून लिहितो आहे. धम्मपालला रिक्षाने घेऊन गेले. तुला घडलं ते क्रमाने सांगतो.

सुनावणीची खोली लहान. अधिकारी बाई शांत, सगळं ऐकून घेणाऱ्या. कंपनीकडून एक तरुण वकील, इस्त्रीचा शर्ट, वागायला सभ्य. धम्मपाल व्हीलचेअरवर, दर्शना त्याच्या मागे, गणू दारात. वकील म्हणाला, “मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक पार्टनरचा चेहरा तपासला जातो. अपघाताच्या दिवशी साईनाथ पाचारणे हेच काम करत होते. चेहरा जुळलेला आहे. हे गृहस्थ कोण आहेत, आम्हाला माहीत नाही.”

मी घरून भाषण तयार करून नेलं होतं. रेयॉनपासून सुरुवात होती, माथाडींवरून येऊन आजच्या दिवसापर्यंत. उभा राहिलो तेव्हा त्यातलं काही बोललो नाही.

मी म्हणालो, “बाई, तो जुळलेला चेहरा माझा आहे. दाखवतो.”

अॅप उघडलं. तुझा नंबर टाकला. मग तुला लिहिलं: कोड.

आणि थांबलो.

तुझी शिफ्ट सकाळची असते, फोन लॉकरमध्ये असतो, हे मला माहीत होतं. माझं पत्र पोचलं की नाही, हे माहीत नव्हतं. पोचलं आणि तू घडी करून ठेवलंस, हेही शक्य होतं. पडद्यावर वेळ उलटी पळत होती. वकील घड्याळाकडे बघून किंचित हसला. अधिकारी बाई म्हणाल्या, “काका, होत नसेल तर तोंडी सांगा, मी लिहून घेते.” गणू दारातून पुटपुटला, “आबा, नेट तर चालू आहे ना?” दर्शनाने धम्मपालच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिने काढला नाही.

फोन थरथरला. चार आकडे.

मी टाकले. सेल्फी मागितली. कलप गेले पंधरा दिवस लावलेला नाही, केस निम्मे पांढरे. मिशीही फुटली आहे. मला वाटलं, आता नाही घेणार. ओठ मिटले, फोनकडे पाहिलं. पहिल्यांदा नाकारलं. दुसऱ्यांदा घेतलं. मी फोन टेबलावर बाईंसमोर ठेवला. त्यांनी वाचलं, मग तो वकिलाकडे सरकवला. स्वागत आहे, साईनाथ.

मग मी बोललो. थोडंच बोललो.

“साहेब, माझं वय साठीला आलंय. माझ्या मुलाचं निम्म्याहून कमी. तुमच्या मशीनला दोघांतला फरक कळत नाही, कारण तो कळावा अशी तुमची गरजच नव्हती. ऑर्डर पोचत होती, तुम्हाला तेवढंच हवं होतं. महिनोन्‌महिने ती या माणसाने पोचवली. तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत, तू कोण. पाय मोडल्यावर विचारता. आयडी वापरण्याचा गुन्हा असेल तर तो माझ्यावर घाला, चेहरा माझा आहे. पण काटई नाक्यावर जो पाय मोडला तो साईनाथचा नव्हता, माझाही नव्हता. ज्याचा मोडला त्याचं नाव लिहा.”

आवाज शेवटी बसला. गेटवर कधी बसला नव्हता.

वकिलाने आपले कागद गोळा केले. मग म्हणाला, “मी वरच्यांशी बोलून सांगतो.” निकाल आज लागला नाही, पुढची तारीख पडली. पण बाईंनी आजच्या कामकाजात एक ओळ लिहून घेतली आणि वाचून दाखवली: ‘अपघाताच्या वेळी सदर ऑर्डर पोचवण्याचे काम धम्मपाल कांबळे हे करीत होते, असे उभय पक्षांसमोर दिसून आले.’ वकिलाने हरकत नोंदवली. तीही त्यांनी लिहिली.

बाहेर आल्यावर धम्मपाल म्हणाला, “परत वाचा ना आबा ती ओळ.” मला पाठ झाली होती, मी म्हणून दाखवली. दर्शना म्हणाली, “एवढी एक ओळ काढायला किती माणसं लागली.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या मुलाने आकडे पाठवले ना?”

“पाठवले.”

“त्याला जयभीम सांगा माझा.”

तो पोचवतो.

तू सुट्टी घेतली होतीस, की लॉकरपाशी उभा होतास, मला ठाऊक नाही. पण बारानंतर तुझ्या हातात फोन होता. म्हणजे पत्र वाचलं होतंस. शेवटपर्यंत वाचलं होतंस.

हे लिहिताना अॅप एकदा उघडून पाहिलं. ‘ही नोंद कायमची बंद करण्यात आली आहे.’ त्यांनी वाट पाहिली नाही.

आबा


मोहने, ९ जानेवारी

साईनाथ,

आज सवयीने उठलो. चहा केला. आठ वाजत आले तेव्हा फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की मागायचं काही नाही. पॉइंटवर जायचंही कारण नाही, तिथे आता माझ्या चेहऱ्याचं काम नाही. मुलं या म्हणतील, मीही जाईन, पण ते नंतर. आज खुर्ची दारात ओढून बसलो. मास्तर बाहेर पडले. कुलूप लावलं, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेले.

आठ वाजले. फोन टेबलावर ठेवून दिला.

थोड्या वेळाने तो थरथरला. गणू असेल म्हणून लगेच उचलला नाही. चहाचा कप विसळला, मग पाहिला. तुझा होता.

“आबा, आज कोड नाही मागितला?”

मी ते बऱ्याच वेळा वाचलं. आयडी जाणार हे तुला माहीत होतं, मी लिहिलं होतं, तू वाचलं होतंस. कोड आता येत नाही हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी तू विचारलंस.

मी मोठं उत्तर लिहायला घेतलं. कालचा सगळा दिवस त्यात घातला, दर्शनाचा जयभीमही. मग ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी लिहिलं, “नाही. चहा झाला का तुझा?”

तुझ्या नावाखाली काहीतरी हललं, तू लिहीत होतास. मग थांबलास. शिफ्टची वेळ झाली असेल, फोन लॉकरमध्ये गेला असेल. मी समजू शकतो. उत्तराची घाई नाही.

उद्या आठ वाजता मी पुन्हा विचारीन. चहाचंच विचारीन.

आबा